गळ, भरती आणि एक जून

एक जूनला कोकण किनाऱ्यावरच्या यांत्रिक मासेमारी नौका बंद होतात. ट्रॉलर बंदरात ओळीने नांगरले जातात, लहान होड्या पुळणीवर ओढून झापांनी शाकारल्या जातात, जाळी विणायला आणि सांधायला काढली जातात. ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, हा सगळा कारभार थंडावतो. त्याच एक जूनला संध्याकाळी एखाद्या जेट्टीच्या टोकावर चारपाच जण काठी आणि रीळ घेऊन उभे असतात. त्यांना कुणी हटकत नाही, कारण बंदी नौकांना आहे, हाताच्या गळाला नाही. त्यांच्या खिशात परवाना नसतो, मासा मोजायला पट्टी नसते, किती मासे न्यावेत याची मर्यादाही नसते.

हौस म्हणून गरवणाऱ्यांची संख्या किनाऱ्यावर वाढते आहे. पूर्वी कोकणातल्या मुलाकडे काठी, तंगूसची दोरी, शिशाचा गोळा आणि गळाला लावायला कोळंबी एवढंच सामान असे. आता मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांच्या गाडीत कार्बन फायबरच्या काठ्या, वेणीची दोरी आणि चकाकणारे नकली मासे असतात. सामान बदललं, पण त्याच्यासाठी नियम काही आले नाहीत. आपला सागरी मासेमारीचा कायदा नौका आणि जाळी डोळ्यांपुढे ठेवून लिहिला गेला. त्यामुळे हौशी गरवणाऱ्याला दोनच ठिकाणांहून शिस्त शिकावी लागते: समुद्राच्या वेळापत्रकातून आणि माशाच्या आयुष्यातून. हे प्रकरण त्या दोन्हींबद्दल आहे. कायदा जिथे बोलतो ते अर्थातच आधी पाळायचं.

उन्हाळ्याचा समुद्र

मार्चअखेर ते मेचा मध्य हा कोकणात गरवण्याचा सर्वांत सोपा काळ. नद्यांना पाणी उरलेलं नसतं, गाळ येत नाही, त्यामुळे मालवण-देवगडकडे खडपाच्या कडेला तळ दिसावा इतकं पाणी नितळ होतं. गोड्या पाण्याचा रेटा संपल्याने खारं पाणी खाडीत खूप आतवर चढतं. जिताडा, तांबोशी, काळुंदर, बोय हे मासे त्याच्याबरोबर आत येतात आणि एरवी जिथे फक्त गोड्या पाण्यातले मासे मिळतात तिथे खाडीतला मासा लागतो.

दिवसाचं गणित वाऱ्यावर चालतं. रात्रभर जमीन निवते आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा हलकेच वाहतो. त्या वेळी पाणी निवांत असतं. दहा-अकराच्या सुमाराला जमीन तापली की वारा उलटतो, वायव्येकडून खारे वारे सुरू होतात आणि दुपारपर्यंत समुद्रावर पांढरे तुरे दिसू लागतात. होडीतून गरवणाऱ्याने तोवर परतीला लागावं. खडपावरून गरवणाऱ्याला वारा तोंडावर आला की दोरी लांब फेकता येत नाही.

एप्रिल-मेमध्ये अरबी समुद्राच्या पूर्व भागातलं पृष्ठभागाचं तापमान तीस अंशांच्या आसपास जातं. पाणी जितकं गरम तितका त्यात विरघळणारा प्राणवायू कमी. वीस अंशांच्या समुद्रात लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तीस अंशांना सव्वासहाच. थंड पाण्यात दहा मिनिटं झुंजून सोडलेला मासा सावरतो. तेवढीच झुंज मे महिन्यात दुपारी दिली तर तो पोहत गेल्यासारखा दिसतो खरा, पण पुढे दमून मरण्याची शक्यता बरीच वाढते. मासा सोडून देणार असाल तर पहाटेच गरवा आणि दोरी मासा लवकर ओढून घेता येईल इतकी जाड ठेवा. बारीक दोरीवर मोठा मासा तासभर खेळवण्यात कौशल्य दिसत असेल, पण त्याची किंमत मासा भरतो.

तिथीवरून भरती

गरवण्यात वेळेइतकं महत्त्व कशालाच नाही, आणि वेळ म्हणजे भरती-ओहोटी. मोबाइलवर आज सगळं मिळतं, तरी उत्तर कोकणात जुनं गणित अजून चालतं: तिथीला पाऊणने गुणायचं, उत्तर येईल तितके वाजता पूर्ण भरती. पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ, अमावास्येला आणि पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमाराला. हा हिशेब मुंबई-अलिबागच्या आसपास बऱ्यापैकी जुळतो. दक्षिणेकडे जावं तशी भरती थोडी आधी येते. पूर्ण भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी.

हेच गणित गरवण्याला लावून पाहू. अमावास्या-पौर्णिमेला आणि त्यानंतरचे दोनतीन दिवस उधाणाचे. पाणी जास्त चढतं, जास्त उतरतं आणि जोरात वाहतं. अष्टमीच्या आसपास भांग असते, तेव्हा पाण्याला ओढ कमी. समजा तृतीया आहे. पाऊणने गुणलं की सव्वादोन, म्हणजे रात्री सव्वादोनला भरती आणि सकाळी साडेआठच्या सुमाराला ओहोटी. पाणी सहा तास उतरतं, पण सारख्या वेगाने उतरत नाही. एकूण उताराचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात प्रत्येकी तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. म्हणजे तृतीयेला पाण्याला सगळ्यात जास्त ओढ पहाटे सव्वाचार ते सव्वासहा. तेव्हा मतलई वारा आहे, हवा गार आहे, उजेड नुकता फुटतो आहे. कांदळवनात भरतीबरोबर शिरलेली कोळंबी आणि बारीक मासे चिंचोळ्या ओहळांतून खाडीत परत ढकलले जात आहेत, आणि त्या ओहळांच्या तोंडाशी जिताडा, तांबोशी दबा धरून आहेत. गळ तिथेच पडायला हवा.

या गणिताची दुसरी बाजू जिवाशी आहे. उधाणाला मुंबई-अलिबागकडे चार मीटर आणि त्याहून जास्त फरक पडतो, गोव्यात दोनच्या आसपास. चार मीटरच्या भरतीत तिसऱ्या तासाला एका तासात मीटरभर पाणी चढतं. खडपाच्या टोकावर मासा लागतोय म्हणून थांबलेल्या माणसाच्या मागची खाच तेवढ्यात भरते. ओहोटीला खडपावर जायचं आणि पाणी वळताच निघायचं, हा नियम जुने गरवणारे मोडत नाहीत.

मे सरताना

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात समुद्राचा स्वभाव बदलतो. वारा नैऋत्येकडे वळू लागतो, आणि इथे वारा नसतानाही दूर दक्षिणेत उठलेल्या लांब लाटा किनाऱ्यावर येऊन फुटतात. आकाश स्वच्छ असताना अशी लाट खडपावर अनपेक्षित उंच चढते. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था उंच लाटांचे इशारे देते. हवामान विभाग मच्छीमारांसाठी वेगळी सूचना काढतो, आणि बंदरावर धोक्याचा बावटा लागतो. तीन नंबरचा बावटा लागला की गळ गुंडाळायचा.

वादळांचाही हाच काळ. २०२१च्या मेमध्ये तौक्ते कोकण किनाऱ्याला खेटून गुजरातकडे गेलं. त्याच्या आदल्या वर्षी, ३ जून २०२० रोजी, निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. वळवाच्या पावसाबरोबर विजा येतात, आणि कार्बन फायबरची काठी वीज वाहून नेते. मोकळ्या पुळणीवर तीनचार मीटरची अशी काठी उभी धरणारा माणूस आसपासची सगळ्यात उंच वस्तू असतो. गडगडाट ऐकू आला की काठी आडवी ठेवून आडोसा गाठावा.

कायदा कुठे बोलतो

राज्यघटनेने मासेमारीची विभागणी केली आहे. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याच्या अखत्यारीत, त्यापलीकडची मासेमारी केंद्राच्या. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा, त्यात २०२१मध्ये मोठी सुधारणा झाली. गोव्याचा कायदा १९८०चा. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै ही बंदी राज्यही लावतं आणि १२ मैलांपलीकडे केंद्रही. बिगर यांत्रिक पारंपरिक होड्यांना ती लागू नाही. कारणं दोन: पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, आणि बऱ्याच माशांचा विणीचा हंगाम याच सुमाराला असतो.

हौशी माणसाने यातून काय घ्यायचं? होडी भाड्याने घेऊन गरवायला जायचं असेल तर होडीला यंत्र असलं की ती बंदीच्या कक्षेत येते असंच धरून चालावं. 'आम्ही विकण्यासाठी नाही, हौसेसाठी आलोय' हे उत्तर पुढे करू नये. तसंही मेअखेरीस किनाऱ्यावरची प्रवासी वाहतूक आणि जलक्रीडा बंद होतात, त्या थेट ऑगस्ट संपल्यावर सुरू होतात. समुद्रात अडचणीत आलात तर मदतीला येणारी होडीही त्या काळात पाण्यात नसते.

दुसरी गोष्ट आकाराची. २०२३मध्ये महाराष्ट्राने ५४ जातींच्या माशांसाठी किमान आकार ठरवून दिला. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, घोळ ७००. त्याहून लहान मासा पकडू नये, हा त्याचा अर्थ. त्याच वर्षी पापलेट राज्यमासा झाला, त्यामागेही लहान पापलेट जाळ्यात संपतं ही चिंता होती. ही यादी व्यापारी मासेमारीसाठी असली तरी गळाला लागलेल्या माशालाही तीच पट्टी लावायला कुणाची हरकत नसावी.

तिसरी गोष्ट सगळ्यात गंभीर, कारण तिथे हौस आणि व्यवसाय हा भेदच नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही समुद्री मासेही आहेत: देवमाशासारखा अवाढव्य व्हेल शार्क, करवतीसारख्या लांब तोंडाचे सॉफिश, सगळे समुद्री घोडे, आणि गरवणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाचा, राक्षसी गोबरा म्हणजे जायंट ग्रूपर. पहिल्या अनुसूचीतला प्राणी मारला तर तीन ते सात वर्षांची कैद होऊ शकते. खडपाच्या कपारीत राहणाऱ्या इतर गोबऱ्यांवर बंदी नाही, पण अवाढव्य गोबरा वर आला आणि जात ओळखता येत नसेल तर फोटोसाठीही न थांबता दोरी कापलेली बरी.

चौथी गोष्ट जागेची. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७मध्ये जाहीर झालं. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचं २९.१२ चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात येतं आणि त्यातलं सुमारे ३.१८ चौरस किलोमीटर गाभ्याचं. या अभयारण्याला स्थानिक मच्छीमारांचा विरोध राहिला आहे, आणि त्यांच्या पोटाचा प्रश्न खरा आहे. शहरातून सुटीला आलेल्या गरवणाऱ्याकडे मात्र तसं काही कारण नाही. त्याने गाभ्यापासून लांबच राहावं.

जिताडा: दोन किनारे, दोन वह्या

कायदा जिथे गप्प आहे तिथे मासा काय सांगतो, हे पाहायला जिताड्याइतका चांगला शिक्षक नाही. रायगडमध्ये खारजमिनीतल्या तळ्यांत तो वाढवतात. गोव्यात त्याला चोणक म्हणतात. ऑस्ट्रेलियात हाच मासा बारामुंडी या नावाने हौशी मासेमारीचा राजा आहे.

जिताडा जन्माला आला की पुढे नर होतो. काही वर्षं नर म्हणून वावरतो, आणि साधारण मीटरभर लांबीकडे जाताना त्याची मादी होते. म्हणजे खाडीतला प्रत्येक मोठा जिताडा जवळपास नक्की मादी असतो. पावसाळ्याच्या तोंडाशी या माद्या खाडीच्या मुखाकडे सरकतात, कारण अंड्यांना खारं पाणी लागतं. पुढे पिल्लं भरतीबरोबर आत येऊन खाजणात आणि कांदळवनात वाढतात. एक मोठी मादी एका हंगामात कोट्यवधी अंडी देऊ शकते. आता जूनच्या पहिल्या आठवड्यात खाडीच्या मुखाशी, नौका बंद असताना, जेट्टीवरून गळ टाकणारा कोणत्या माशावर टपून असतो हे वेगळं सांगायला नको. ज्या विणीसाठी ६१ दिवस नौका बांधून ठेवल्या, तिच्यातली सगळ्यात मौल्यवान मादी एका काठीने बाहेर निघते.

क्वीन्सलंड राज्याने या माशासाठी नियम असा केला: ५८ सेंटिमीटरपेक्षा लहान बारामुंडी ठेवायचा नाही, १२० सेंटिमीटरपेक्षा मोठाही ठेवायचा नाही, एका माणसाने जवळ पाचपेक्षा जास्त ठेवायचे नाहीत. पूर्व किनाऱ्यावर १ नोव्हेंबर ते १ फेब्रुवारी, म्हणजे तिथल्या उन्हाळ्यातल्या विणीच्या काळात, तो पकडायचाच नाही. खालच्या मर्यादेने पिल्लाला एकदा तरी वीण करायची संधी मिळते, वरच्या मर्यादेने मोठ्या माद्या वाचतात. आपल्या यादीत किमान आकार आहे, कमाल आकार नाही. व्यापारी जाळ्याला मोठा मासा सोडा म्हणणं अवघड असतं, कारण जाळ्यातून निघेपर्यंत तो बहुधा मेलेला असतो. गळाचा मासा मात्र जिवंत हातात येतो, त्यामुळे गरवणाऱ्याला निवड करता येते.

गोबऱ्याची गोष्ट उलटी. बहुतेक गोबरे आधी मादी असतात आणि मोठे झाल्यावर नर होतात. एका खडपावरचे मोठे गोबरे काढले की तिथे नरच उरत नाहीत. शिंगाळ्यात अंडी नर तोंडात घेऊन सांभाळतो आणि त्या काळात तो जवळजवळ खात नाही. तीन मासे, तीन तऱ्हा. सरसकट 'लहान सोडा, मोठा न्या' म्हणणारा यातल्या किमान दोन ठिकाणी चुकतो.

मासा हातात आल्यावर

मासा सोडायचा म्हणजे पाण्यात टाकायचा नव्हे. गळाचा काटा पक्कडीने आधीच दाबून टाकला तर गळ एका हिसक्यात निघतो. गोल वळणाचा सर्कल हुक माशाने गिळला तरी बहुतेक वेळा ओठाच्या कोपऱ्यात अडकतो, पोटात नाही. अशा गळाला जोराचा झटका द्यायचा नसतो, दोरी नुसती ताणत न्यायची. हात आधी पाण्यात भिजवायचे, कारण कोरडा हात माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर पुसून नेतो आणि तिथून रोग शिरतो. मे महिन्यातल्या जेट्टीचा दगड तव्यासारखा तापलेला असतो, मासा त्यावर टेकवू नये. मोठा जिताडा फक्त जबड्याने उभा टांगू नये, पोटाखाली दुसरा हात हवा. कल्ल्यांना बोट लावू नये. फोटो हवाच असेल तर आपण श्वास रोखून धरावा, आणि आपल्याला श्वास घ्यावासा वाटला की मासा पाण्यात गेलेला असावा. सोडताना त्याचं तोंड प्रवाहाकडे धरायचं, शेपटी स्वतःहून मारली की हात सैल करायचा.

खोल पाण्यातून झटकन वर काढलेल्या गोबऱ्याच्या पोटातली हवेची पिशवी फुगते आणि जठर तोंडातून बाहेर येतं. ते टोचून फोडणं चुकीचं. जड शिशाला बांधलेल्या उलट्या गळाने त्याला पुन्हा तळाकडे सोडलं तर दाब परत येतो आणि तो वाचू शकतो. शिंगाळा लागला तर माशाइतकीच स्वतःचीही काळजी घ्यावी. पाठीवरचा एक आणि बाजूंचे दोन काटे विषारी असतात, घुसले की हात सुजतो. पक्कडीशिवाय त्याला हात लावू नये.

किनाऱ्यावरची शिस्तही यातच आली. मालवणच्या पुळणीवर रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागलेली असताना तिच्या आवारात दोरी फेकू नये. गळाला लागलेले मासे बाजारात विकू नयेत, तो ज्यांचा धंदा आहे त्यांच्या भावावर ते पाणी फिरवतात. तुटलेली दोरी परत घरी न्यावी. नायलॉन वर्षानुवर्षं कुजत नाही, आणि खडपात अडकलेली दोरी कासव, पक्षी, खेकडे यांना अडकवत राहते.

पुढचा नियम कोणता

हौशी मासेमारीला परवाना लावा, शुल्क घ्या, अशा सूचना अधूनमधून होतात. सातशे किलोमीटरहून लांब किनाऱ्यावर प्रत्येक जेट्टीवर कोण परवाना तपासणार, हा प्रश्न आहेच. शिवाय गावातल्या ज्या पोराने लहानपणापासून खाडीत गरवलं, त्याच्याकडून शुल्क घेणं अन्यायाचं ठरेल.

त्यापेक्षा सोपा आणि उपयोगी नियम एकच आहे. मीटरभरापेक्षा लांब जिताडा वर्षभर सोडायचा, आणि बंदीच्या दोन महिन्यांत खाडीच्या मुखाशी लागलेला कोणत्याही आकाराचा जिताडा सोडायचा. त्याला वेगळं खातं लागत नाही, टेप पुरतो. हौशी गरवणाऱ्यांनी तो आपणहून आधी पाळला, आपल्या गटांमध्ये लावून धरला, तर सरकारला तो यादीत घालणं सोपं जाईल. मच्छीमार दोन महिने आपली रोजी थांबवून विणीला वाट करून देतात. ज्यांची चूल मासेमारीवर चालत नाही, त्यांनी एक मासा सोडायला काचकूच करण्याचं कारण नाही.